मागे रिकामी आहे

परळला केईएमजवळच्या एका थांब्यावर दुपारचे सव्वाचार वाजले होते. त्या नंबरची गाडी गेल्याला ३२ मिनिटं झाली होती. खांबाभोवती चाळीसेक माणसं जमलेली. शाळेची पोरं, औषधांच्या पिशव्या, पुन्हा पुन्हा रस्त्याकडे वळणाऱ्या माना. मग वळणावरून दोन लाल गाड्या एकदम आल्या, एकीच्या शेपटीला दुसरी, नंबर एकच. पुढची एका अंगाला कललेली, पायरीपर्यंत माणसं. मागचीत मोजून सहा-सात डोकी. पुढच्या गाडीचा वाहक दांडा धरून घसा फोडून ओरडत होता, "मागे रिकामी आहे! ओ ताई, मागे रिकामी आहे!" घोळका त्याच्याच दारावर तुटून पडला. एकटी एक बाई, काखेत एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट धरलेली, मागे वळली, जरा घुटमळली आणि दुसरीत चढली. खिडकीची जागा मिळाली, पाकीट मांडीवर आडवं ठेवलं.

बाकी एकाही माणसाने ती हाक मनावर घेतली नाही.

खरं तर वाहक खोटं बोलत नव्हता. रिकामी गाडी सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती. तरीही माणसं धक्के खात भरलेल्या गाडीत चढली. याला गर्दीची अक्कल म्हणून सोडून देता आलं असतं, पण मुंबईची गर्दी इतकी भाबडी नाही. लोकलचा कुठला डबा दादरला जिन्यासमोर येतो ते हिला ठाऊक असतं. दहाची सुटी नोट कुठल्या खिशात आहे ते ठाऊक असतं. मग तिने रिकाम्या गाडीवर विश्वास का ठेवला नाही? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न : अर्धा तास काहीच नाही आणि मग वरात, हे होतं कसं? थांब्यावर याचं उत्तर ठरलेलं असतं. "दोघं मिळून चहा पीत बसले असतील." हे उत्तर जवळजवळ नेहमी चुकीचं असतं.

वेळापत्रकाचा हिशोब तिसरी-चौथीतल्या भागाकाराएवढाच आहे. एका मार्गावर गाडीला जायला ६० मिनिटं लागतात, यायला ६०, आणि दोन्ही टोकांच्या बस चौक्यांवर १०-१० मिनिटांची उसंत. म्हणजे पूर्ण फेरा १४० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल तर १४० भागिले १०, चौदा गाड्या. संपलं. आता याच मार्गावरचा एक पूल बंद झाला आणि गाडीला दीड किलोमीटरचा वळसा पडला असं धरा. गर्दीच्या रस्त्यावर बसची चाल ताशी ९ किलोमीटर धरली, तर दीड किलोमीटरला १० मिनिटं. जाताना १०, येताना १०. फेरा १६० मिनिटांचा झाला. दर १० मिनिटांनीच गाडी द्यायची तर सोळा गाड्या लागतील. वरच्या दोन आणायच्या कुठून? बेस्टचा ताफा एकेकाळी चार हजारांच्या वर होता, आता तो तीन हजारांच्याही खाली आहे. तेव्हा गाड्या चौदाच राहतात आणि दोन गाड्यांमधलं अंतर साडेअकरा मिनिटांच्या आसपास जातं. दीड मिनिटाचा तर फरक, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण हे गणित रस्ता दिवसभर सारखाच चालेल असं गृहीत धरून मांडलेलं आहे, आणि वळशाचा रस्ता कधीच सारखा चालत नाही. बंद पुलावरची सगळी वाहनं त्याच वळशावर आलेली असतात. एखाद्या फेरीला १० मिनिटं लागतात, एखादीला ४, संध्याकाळी सहाला २५. सरासरी कागदावर राहते आणि घोळ रस्त्यावर होतो.

गाड्या एकमेकींना चिकटतात त्याची सुरुवात अशा छोट्याशा घोळातूनच होते. एका थांब्यावर मिनिटाला दोन माणसं येतात आणि एकाला चढायला चार सेकंद लागतात असं समजू. दहा मिनिटांनी येणाऱ्या गाडीला वीस माणसं मिळतात, ८० सेकंद जातात. आता ही गाडी कुठल्याशा सिग्नलला अडकून ३ मिनिटं मागे पडली. थांब्यावर वीसऐवजी सव्वीस माणसं उभी. चढायला १०४ सेकंद. म्हणजे जिला उशीर झाला होता तिला आणखी २४ सेकंदांचा उशीर झाला आणि पुढच्या थांब्यावर माणसं आणखी वाढली. पाच थांब्यांनंतर तीन मिनिटांची साडेपाच मिनिटं होतात. हा उशीर चक्रवाढ व्याजाने वाढतो. शिवाय दारात माणूस माणसाला अडला, सुट्या पैशांवरून हुज्जत झाली, की चार सेकंदांची सहा होतात. मागच्या गाडीचं नेमकं उलटं. पुढचीने तिची माणसं आधीच उचललेली असतात. तिला चौदाच जण मिळतात, पुढे दहा, पुढे पाच. तिचा चालक मुद्दाम धावत नसतो, त्याला थांबायला कारणच उरत नाही. काही वेळात ती पुढचीच्या शेपटीला लागते. यात कुणी चहा प्यायला नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, म्हणूनच दोन्ही गाड्या एका जागी आल्या.

आणि अंतर बिघडलं की थांबणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? दर १० मिनिटांनी नेमकी गाडी आली, तर वाट बघणं सरासरी पाच मिनिटांचं. तेवढ्याच गाड्या २० मिनिटांनी जोडीने आल्या तर दहा मिनिटांचं. तासाला गाड्या सहाच्या सहा, कागदावर एकही फेरी चुकलेली नाही, आणि माणूस मात्र दुप्पट वेळ उन्हात. गर्दीचंही तसंच. पुढच्या गाडीत सत्तर आणि मागच्या गाडीत दहा असतील, तर कचेरीतला हिशोब सांगेल की गाडीमागे सरासरी चाळीस, म्हणजे आरामात. पण त्या ऐंशी जणांतल्या सत्तर जणांनी प्रवास केला तो चेंगरून. संध्याकाळी घरी जाऊन "बस रिकामी होती" असं सांगणारे दहाच.

इथे प्रभादेवीच्या पुलाबद्दल बोलायलाच हवं, कारण परळच्या थांब्यावरचा तो घोळका त्या पुलाच्या नसण्यातूनही आलेला होता. शंभरी ओलांडलेला हा पूल, म्हणजे जुना एल्फिन्स्टनचा पूल, १२ सप्टेंबर २०२५ ला वाहनांसाठी बंद झाला. त्या जागी दुमजली पूल व्हायचा आहे, वरचा मजला शिवडी-वरळी जोडरस्त्याचा, खालचा स्थानिक रहदारीचा. मुंबईत रेल्वे उत्तर-दक्षिण जाते आणि शहराच्या दोन फाका करते. या फाका जोडणारे पूल बोटांवर मोजण्याइतके. लोकलने जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तो रुळांच्या बाजूने जातो. बसचं मुख्य काम मात्र आडवं असतं, स्टेशनावरून पूर्वेला किंवा पश्चिमेला. म्हणून पूल पडला की जखम बसला होते. करी रोड, चिंचपोकळी आणि दादरचा टिळक पूल यांच्यावर सगळा भार आला. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला होता. अंधेरीचा गोखले पूल २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला, त्याची एक बाजू २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि दुसरीला २०२५ चा मे लागला. शीवचा पूल २०२४ च्या ऑगस्टपासून बंद झाला. हे सगळे पूल जुने झाले होते, पाडणं भागच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाडायच्या आधी कंत्राट कितीचं, खांब किती, गर्डर कुठून येणार याचा तपशील जितका बारीक असतो, तितका 'त्या पुलावरून दिवसाला किती फेऱ्या जातात आणि वळशासाठी किती गाड्या जास्त द्याव्या लागतील' हा प्रश्न कुणाच्या फायलीत दिसत नाही.

करी रोडच्या पुलाची गंमत पाहा. एल्फिन्स्टन बंद करताना वाहतुकीचे जे आदेश निघाले, त्यात हा अरुंद पूल सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेला, ३ ते रात्री ११ उलट दिशेला आणि रात्री ११ नंतर दोन्हीकडून अशी विभागणी केली गेली. मोटारवाल्याला हे लक्षात ठेवायला सोपं आहे. बसच्या वेळापत्रकाला मात्र हा पेच आहे. अशा पुलावरून मार्ग न्यायचा ठरवलं तर २ वाजून ५० मिनिटांनी सुटलेली गाडी पुलापाशी पोचेपर्यंत पूल उलटा झालेला असतो. एकाच मार्गाची दोन वेळापत्रकं, दोन नकाशे आणि थांब्यांच्या दोन याद्या. पुन्हा दुपारी तीनची वेळ म्हणजे पहिली पाळी उतरायची आणि दुसरी चढायची. पाळी बदलायला आलेला रिलिव्हर ज्या कोपऱ्यावर उभा, त्या कोपऱ्यावरून गाडी आता जातच नाही. म्हणून शहाणा माणूस असल्या पुलाच्या वाटेला जात नाही, लांबचा पण दिवसभर एकसारखा वळसा पत्करतो. प्रवासी म्हणतो, जवळचा पूल सोडून हे कुठून चाललेत?

ट्रामला कुणी वळवू शकलं नसतं.

ही ओळ उगाच सुचलेली नाही. बसचा मोठा गुण म्हणजे तिला रूळ नाहीत. १५ जुलै १९२६ ला कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईतली पहिली बस धावली तेव्हा शहरात ट्राम होती, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली तोवर या दोघी एकाच रस्त्यावर नांदल्या. ट्रामच्या वाटेत खोदकाम करायचं तर आधी ट्रामला विचारावं लागे. दादरला जिथे ट्राम टर्मिनस होतं त्या खोदादाद सर्कलला वाहक अजून "टीटी, टीटी" म्हणूनच ओरडतात. ट्राम टर्मिनस गेलं, तिचं आडमुठेपण नावात राहिलं. बस मात्र गुणी. रस्ता खणला, ती बाजूने जाते. एकदिशा केला, ती पलीकडच्या गल्लीतून येते. मंडप आला, मिरवणूक आली, मेट्रोचे पत्रे लागले, काँक्रिटचा रस्ता वाळत पडला, ती वाट काढते. वाकते म्हणून प्रत्येक जण तिलाच वाकवतो. घरातल्या थोरल्या सुनेसारखं.

एकदिशा रस्त्यांचंही असंच. त्यांनी मोटारी सुटतात हे खरं. पण बसचं जाणं एका रस्त्याने आणि येणं दुसऱ्याने झालं की परतीचा थांबा दोन गल्ल्या पलीकडे जातो. तरण्या माणसाला चार मिनिटं, गुडघे दुखणाऱ्याला दहा. नवख्याला तर तो सापडतच नाही, तो जुन्या खांबाखाली उभा राहतो. खांब कुणी काढलेला नसतो, शेजारचा केळीवाला दिवसातून पन्नास वेळा "इथं नाही येत आता" सांगून कंटाळलेला असतो. सिग्नलची गोष्ट आणखी सूक्ष्म. समजा एका चौकात १२० सेकंदांच्या चक्रात बसच्या बाजूला ४० सेकंद हिरवा होता. चौकात एक नवीन वळण सोडलं, चक्र १८० सेकंदांचं झालं, बसचा हिरवा ४० चाच राहिला. पूर्वी त्या चौकात सरासरी २७ सेकंद जायचे, आता ५४ जातात, आणि पुढे वाहनांची रांग नसेल तरच. रांग एका हिरव्यात सुटली नाही तर अडीच मिनिटं गेलीच. असे दहा-अकरा चौक मार्गावर असले की वेळापत्रकातली टोकाची १० मिनिटांची उसंत निम्मी संपते. चालकाचा चहा, मूत्रीला जाणं, पाठ सरळ करणं, सगळं त्या उसंतीतच असतं. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर आणखी एक हाल. हिरवा असताना माणसं चढतात, वाहकाची निघायची डबल बेल होते आणि गाडी हलायला लागली की लाल. तोच थांबा चौक ओलांडून पन्नास पावलं पुढे नेला तर वेळ वाचतो. पण पलीकडे बहुधा एखाद्या दुकानासमोर टेम्पो लागलेला असतो. मग गाडी कडेला लागत नाही, मधल्या पट्ट्यात थांबते, माणसं रस्त्यात उतरून चढतात आणि मागची अख्खी रांग हॉर्न वाजवते, बसलाच.

पावसाळ्यातले बदल त्या मानाने बरे. गांधी मार्केटला पाणी भरलं की गाड्या भाऊ दाजी रोडने जातात, हिंदमाताला भरलं की पुलावरून. हे दरवर्षीचं आहे, चालकांच्या हाडात मुरलेलं. चौकीवरून निरोप यायच्या आधीच गाडी वळलेली असते. त्रास होतो तो कायमच्या म्हणवणाऱ्या तात्पुरत्या बदलांचा आणि तात्पुरत्या म्हणवणाऱ्या कायमच्या बदलांचा. पूल तीन वर्षांसाठी बंद असला तरी धावण्याची वेळ जुनीच लिहिलेली राहिली, तर ते वेळापत्रक पहिल्या फेरीपासूनच हरलेलं असतं.

आता त्या अविश्वासाकडे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे चालक-वाहकाचं काम दिवसाला ८ तासांचं, आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती. आठ तासांची ४८० मिनिटं, त्यातून विश्रांती आणि हजेरी-हिशोबाचा तास वजा केला की ४२० उरतात. १४० चे बरोबर तीन फेरे. काय सुंदर बसतं! वेळापत्रक करणाऱ्याने मनात स्वतःची पाठ थोपटली असेल. फेरा १६० चा झाला की तीन फेऱ्यांना ४८० लागतात, एक तास जास्त. हा तास कुठून तरी कापावा लागतो. मग बस प्रवर्तक, ज्याला सगळे स्टार्टरच म्हणतात, उशिरा आलेल्या गाडीकडे आणि वाहकाच्या वे-बिलाकडे, म्हणजे फेऱ्या-तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाकडे, बघतो आणि ठरवतो : ही पुढे जाणार नाही, इथूनच परत फिरव. दोन गाड्या जोडीने आल्या असतील तर फिरवली जाते ती मागची, रिकामी असलेली. चारच माणसांना उतरवायचं, सत्तरांना नव्हे. स्टार्टरचा निर्णय अगदी बरोबर असतो. परतीच्या बाजूला अर्धा तास गाडी नसते, तिथलं भगदाड तोच बुजवत असतो. पण ज्या चौघांना "ही इथपर्यंतच, पुढचीत बसा" असं ऐकावं लागतं ते जन्मभर विसरत नाहीत. पुढचीत आता पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे घोळक्याचं वागणं अडाणी नव्हतंच. भरलेली गाडी नक्की पोचते. रिकामीचा भरवसा नाही.

यावर उपाय आहेत आणि ते कुणाला ठाऊक नाहीत असंही नाही. धावण्याची वेळ दिवसातल्या प्रत्येक प्रहराची वेगळी लिहायची, सरासरीवर न लिहिता दहातल्या आठ-नऊ फेऱ्यांना पुरेल अशी लिहायची. मधल्या एखाद्या ठळक थांब्यावर मागून लवकर आलेल्या गाडीला दोन-तीन मिनिटं रोखायचं. टोकाला एक राखीव गाडी ठेवायची. लांब मार्ग तोडून आखूड करायचे, म्हणजे एका चौकाची बाधा दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही. २०१९ नंतर मुंबईत असे बरेच मार्ग आखूड झाले. पण प्रत्येकाची किंमत कुणीतरी देतं. सढळ वेळ दिली तर मोकळ्या रस्त्यावर गाडी रेंगाळते आणि बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या चलो ॲपवर तिचा ठिपका हलेना म्हणून लोक चिडतात. मार्ग तोडला तर मध्ये उतरून दुसरी गाडी पकडावी लागते, दुसरं तिकीट लागतं, आणि ९ मे २०२५ पासून कमीत कमी तिकीट ५ चं १० रुपये झालेलं आहे. आणि गाडी थांब्यावर रोखणं तर सगळ्यात कठीण. भर उन्हात, इंजिन चालू, आत बसलेली माणसं, समोर रस्ता मोकळा, आणि चालक स्वस्थ बसलेला. तो पुढच्या थांब्यांवरच्या पन्नास माणसांचं भलं करत असतो, जी अजून त्याला दिसतही नाहीत. आत बसलेल्यांपैकी निदान एक जण हमखास विचारतो, "चहा प्यायला थांबलात का?"

परळच्या त्या थांब्यावर पुढची गाडी शेवटी सुटली तेव्हा तिच्या दारात आणखी नऊ-दहा माणसं अडकलेली होती. दार मिटेना. मागच्या चालकाने थोडी वाट पाहिली, उजवा दाखवला आणि तिला ओलांडून गेला. त्याच्या गाडीत सात-आठ माणसं आणि मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेतलेली ती बाई. पुढच्या थांब्यावर तिची गाडी आधी पोचली. तिथेही अर्धा तास गाडी नव्हती. तिथलाही घोळका उठून दारावर आला, पायऱ्या भरल्या, मधली वाट भरली, पाकीट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं. वाहकाने दांडा पकडला, मान बाहेर काढली, मागे सिग्नलला उभ्या असलेल्या त्या कललेल्या गाडीकडे एक नजर टाकली आणि ओरडायला सुरुवात केली, "मागे रिकामी आहे! मागे रिकामी आहे!"